दसऱ्यानंतरची परीक्षानळी

मनात दडवलेलं पाप माणसाला आतून पोखरत जातं आणि शेवटी त्याला जगणं नकोसं करतं. निदान गंभीर पुस्तकांत तसं लिहिलेलं असतं. माझ्या बाबतीत तसं काही घडलं नाही. मला झोप लागते. मधल्या काळात माझं वजन वाढलं, मी विभागप्रमुख झालो, आणि गेल्या वर्षी 'सदाचार' या विषयावरच्या वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो.

मग हे सांगायची गरज काय? — ते मलाही नीट माहीत नाही. एवढंच, की हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मित्राला नाही, भावाला नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, ती आत्ता भिंतीपलीकडे वाटाणे सोलत बसली आहे. खांदा कॉलनीतल्या आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. शेंग मोडल्याचा आवाजसुद्धा इकडे येतो. पेनाचा आवाज तिकडे जात नसावा.

ती म्हणजे शरयू. माझी बायको. पण गोष्ट सुरू होते तेव्हा ती माझी कुणीच नव्हती. आम्ही एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. ती मला 'सर' म्हणायची आणि मी तिला 'मॅडम'. नव्वदीची सुरुवात होती, लोकल अजून पनवेलपर्यंत आली नव्हती. नवीन पनवेलच्या इमारतींना रंग लागला होता, पण पाणी लागलं नव्हतं. मी माशांच्या खवल्यांवर पीएच.डी. केली होती. खवल्यांचं त्यामुळे काही बिघडलं नाही. शरयूची पीएच.डी. चालू होती, आणि ती खरी होती. म्हणजे तिला उत्तर माहीत नसलेला प्रश्न तिनं घेतला होता. आमच्याकडे अशी प्रथा नव्हती.

तो प्रश्न तुम्हाला सांगायला हवा. कंटाळा येणार नाही, तिनं मला सांगितला होता तसाच सांगतो.

कोंबडीचं अंडं उबवायला ठेवलं की दुसऱ्या दिवशी बलकावर पेशींची एक चपटी पट्टी दिसू लागते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात, मधोमध चिकटतात आणि नळी तयार होते. पुढे त्याच नळीचा मेंदू होतो, मज्जारज्जू होतो. पट्टीला हे कळतं कसं? पेशींना बाहेरून निरोप येतो, आणि तो आतल्या आत पुढे जातो तो प्रथिनांवर फॉस्फेटचा बारीकसा तुकडा चिकटवून. चिकटवणारी जी प्रथिनं असतात, त्यांच्यामागे तेव्हा सगळं जग वेडं झालं होतं. पण चिकटवलेलं काढतं कोण? काढणारीही असतात. त्यांना फॉस्फटेज म्हणतात. त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नसे. "स्वयंपाक करणाऱ्याचं नाव होतं, सर," ती म्हणायची, "भांडी घासणाऱ्याचं कोण घेतं?" तिचं म्हणणं असं, की हे काढणं म्हणजे नुसती साफसफाई नव्हे. कुठे थांबायचं, कधी थांबायचं, हाही निरोपच आहे. ही काढणारी प्रथिनं अडवली तर पट्टीच्या कडा उभ्या राहतील, पण मिटणार नाहीत.

अडवायचं कसं? त्यासाठी एक विष होतं, समुद्रातल्या स्पंजातून काढलेलं. ओकाडाइक आम्ल. ते इथे मिळत नसे. परदेशातल्या एका प्रयोगशाळेला तिनं आपली कल्पना कळवली होती, आणि त्यांनी एक कुपी पाठवली — करंगळीच्या नखाएवढी. सोबत असंही कळवलं होतं, की निष्कर्ष पक्का निघाला तर दोन वर्षांसाठी इकडे या. ती कुपी आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली गेली. मी सीनियर, किल्ल्या माझ्याकडे. मी म्हणालो, फ्रीजचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका.

पहिल्या काही प्रयोगांत पट्टी उघडी राहिली. मी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. दोन्ही कडा समोरासमोर उभ्या होत्या, बोलणं थांबवलेल्या दोन शेजारणींसारख्या. शरयूनं आनंदानं काही केलं नाही. फक्त खुर्चीवर बसली आणि चष्मा पुसत राहिली. गर्भ बलकावरून उचलून काचेच्या कड्यावर पसरायचा असतो, ओल्या कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक. तो तिच्या हातून कधी फाटत नसे. माझ्या हातून दरवेळी फाटे. तिनं ठरवलं, उरलेल्या विषात सुट्टीनंतर मोठा प्रयोग करायचा. थोड्या गर्भांवर विसंबायचं नाही.

सुट्टी दसऱ्याची होती.

आमच्या कॉलेजात दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेची पूजा होई. सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू, उबवणीच्या पेटीला झेंडूचा हार, आणि त्या दिवशी यंत्रांना विसावा. म्हणजे सगळी बंद. हे सगळं करायचा काशिनाथ, आमचा प्रयोगशाळेतला मदतनीस, जवळच्या गावचा. मी दरवर्षी त्याची खेचायचो. म्हटलं, काशिनाथ, भिंगाला कुंकू लावल्यानं जंतू मोठे दिसतात का? तो न हसता म्हणाला होता, "सर, आमी नांगराला इसावा देतो, कोयत्याला देतो. मशिनीनं काय पाप केलंय?" स्टाफरूममध्ये हा किस्सा मी कितीदा रंगवून सांगितला असेन. पूजा झाली की मी म्हणायचो, चला, आता विज्ञानालाही सुट्टी. लोक हसायचे. मला ते आवडायचं — हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

त्या वर्षी शरयूनं काशिनाथला बजावलं होतं: सगळं बंद करा, पण फ्रीजला हात लावायचा नाही. काशिनाथनं तसंच केलं. फ्रीजच्या दारावर कुंकवाचं बोट टेकवलं, हार अडकवला, आणि प्लगपासून चार हात लांब राहिला. मग तुम्ही म्हणाल —

हो. मी.

त्या वर्षी पूजेला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. त्यांच्या खाजणाच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या आणि इमारती उभ्या राहिल्यापासून त्यांना भाषणाची आवड लागली होती. विषय ठरला होता 'विज्ञान आणि संस्कार'. मंडपवाल्यानं माईक आणून ठेवला. अध्यक्ष दारात उभे, गळ्यात हार, मागे प्राचार्य. आणि माईकवाला विचारतोय, बटण कुठाय? विसाव्यासाठी बाकीची बटणं बंद केलेली, प्रयोगशाळेत चालू सॉकेट एकच होता. त्यात फ्रीज.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. पण मला कुणी काही सांगितलं नाही. प्राचार्यांनी नुसती माझ्याकडे मान वळवली. आणि मी — पूजेला हसणारा, भाषणांना नावं ठेवणारा, बुवाबाजीवर दोन लेख लिहिलेला मी — अक्षरशः पळत गेलो, फ्रीज पुढे ओढला आणि प्लग काढला. माझ्या हातानं. काशिनाथ बाजूला उभा होता. शरयू बाहेर पाहुण्यांच्या पेढ्यांचं बघत होती.

भाषण झालं. आपट्याची पानं वाटली गेली. मी शरयूला पान दिलं, म्हटलं, मॅडम, सोनं घ्या. तिनं घेतलं. नंतर सगळे खाली चहाला गेले, मी कुलूप लावलं, आणि घरी गेलो. प्लग जमिनीवर तसाच.

सुट्ट्या जोडून आल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. कॉलेज उघडलं तेव्हा किल्लीवाला म्हणून मीच आधी पोचलो. दार उघडलं तर फरशीवर पाणी, पाण्यात झेंडूच्या पाकळ्या. बर्फाचा कप्पा रिकामा. म्हणजे बर्फ नव्हता. कुपी तळाशी कोमट पाण्यात आडवी पडली होती.

मी काय केलं? डस्टरनं फरशी पुसली. प्लग लावला. फ्रीज घरघरू लागला. ती येईपर्यंत कप्प्याच्या भिंतीवर पुन्हा पांढरी साय धरली होती.

आता एक गोष्ट बघा. त्या काळात पनवेलला वीज जाणं हा काही प्रसंग नव्हता. 'मॅडम, सुट्टीत लाईट गेले होते, कुपी वितळली' — एवढं म्हटलं असतं तर कुणी दुसरा प्रश्नही विचारला नसता. तिनं परदेशी कळवलं असतं, दुसरी कुपी आली असती. म्हणजे मी सत्य सांगायला हवं होतं, असंसुद्धा नाही. एखादं साधं, घरगुती खोटं बोललो असतो तरी तिचं काम वाचलं असतं. तेवढंही मला जमलं नाही. का? काशिनाथनं मला प्लग काढताना पाहिलं होतं. तो सहज बोलून गेला असता. आणि मग स्टाफरूममध्ये किस्सा रंगला असता — माझा. इतकी वर्षं पूजेला हसणारा माणूस अध्यक्षांच्या माईकसाठी कसा धावला, याचा. त्या हशाची मला भीती वाटली. माणसं बंदुकीला भितात, आगीला भितात. मी चहाच्या वेळच्या हशाला भ्यालो.

पण हेही मी आडवळणानं सांगतोय. खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

शरयूनं मोठा प्रयोग सुरू केला. अंडी आली, उबवली, गर्भ काचेवर आले. विष घातलेले आणि न घातलेले. सगळ्यांच्या पट्ट्या मिटल्या. नीट, वेळेवर, एकसारख्या. दुसऱ्या खेपेलाही मिटल्या. तिला काही कळेना. एके दिवशी दुपारी हात धुताना तिनं विचारलं, "सर, औषध ठीक असेल ना?" संशय घेत नव्हती. आपण विचारतो ना, गॅस बंद केला का, तसं.

मी म्हटलं, बघतो.

आणि मी खरोखर बघितलं. दुसऱ्या दिवशी तिचा तास असताना. त्याची एक सोपी चाचणी असते. एक रंगहीन रसायन असतं. फॉस्फटेज काम करत असेल तर त्यातला फॉस्फेट तोडतं आणि पाणी पिवळं होतं. विष जिवंत असेल तर फॉस्फटेज अडतं, पाणी रंगहीनच राहतं. मी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत विष घातलं, एकीत नाही. दोन्ही स्टँडमध्ये ठेवून खिडकीजवळ उभा राहिलो. बाहेर मैदानावर कबड्डी चालली होती.

वळून पाहिलं तर दोन्ही पिवळ्या होत्या. सारख्याच पिवळ्या.

एवढ्यावर सगळं संपू शकलं असतं. नळी तिच्यासमोर धरायची, बस. नुसती धरायची, बोलायचंही नाही. तिला बघताक्षणी कळलं असतं. मी दोन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतल्या, ब्रशनं घासल्या आणि उलट्या टांगल्या. ती तास संपवून आली. हातावर खडूची पूड होती. मी म्हटलं —

"औषध ठीक आहे, मॅडम. मी तपासलंय."

या बोलण्याकडे नीट बघा. त्यातलं दुसरं वाक्य खरं आहे. त्यानंच घात केला. मी तपासलंय म्हटल्यावर तिनं तो विषय मनातून काढून टाकला. मग तिनं बाकी सगळ्यावर संशय घेतला: अंड्यांवर, पाण्यावर, उबवणीच्या पेटीवर, आधीच्या प्रयोगांवर. शेवटी ठरवलं, की आधी उघड्या राहिलेल्या पट्ट्या हा अपघात होता. उचलताना आपल्याच हातून ताण पडला असणार. तिनं तसं प्रामाणिकपणे परदेशी कळवून टाकलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं. दोन वर्षांचा विषय त्यात नव्हता. प्रबंधासाठी तिनं दुसरा, सोपा विषय घेतला. उत्तर माहीत असलेला.

मी गप्प का राहिलो, हे अजून सांगितलं नाही ना? हशाची भीती — हो, पण नळी पिवळी झाली तेव्हा काशिनाथ कुठे होता? कुणीच नव्हतं. वीज गेली होती हे खोटं तेव्हाही तयार होतं. खिडकीजवळ उभा असताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. नळी रंगहीन राहिली तर ही जाईल. पिवळी झाली तर — कदाचित — राहील. मी पिवळ्या रंगाची वाट बघत होतो. झाला तेव्हा मला हायसं वाटलं. हेच ते. याच्याभोवतीच मी इतका वेळ फिरतोय.

नंतर ती फार खचली. मी धीर दिला. धीर देण्यात मी वाकबगार निघालो. संध्याकाळी वडाळे तळ्याच्या काठानं आम्ही चालायचो. मी तिला सांगायचो, विज्ञानात नकारही मोलाचा असतो, निसर्गापुढे नम्र व्हावं लागतं. अध्यक्षांनी 'विज्ञान आणि संस्कार'मध्ये सांगितलं होतं, जवळपास तेच. तिला माझं बोलणं पटायचं. या पडत्या काळात हा एकच माणूस सरळ वागला, असं तिनं तिच्या आईला सांगितलं. वर्षभरात आमचं लग्न झालं. काशिनाथ फेटा बांधून आला होता. अक्षता टाकून झाल्यावर माझा हात धरून म्हणाला, "सर, तुमी आमच्या दसऱ्याला हासायचा. आता बगा, दसऱ्यानंच तुमचं जमवलं." त्याला आपट्याचं पान आठवत होतं. मी हसलो. फोटोत ते हसू आहे, हॉलमध्ये लावलेलं.

तेव्हापासून मी या घरात राहतो. घर चांगलं आहे. हवा येते. पण कुठल्याही दारानं बाहेर पडायचं म्हटलं तर वाटेत ती बसलेली आहे. सांगितलं, तर गेलेली वर्षं तिला परत मिळत नाहीत. उलट नवरा जातो, ती तळ्याकाठची संध्याकाळ जाते, आईला सांगितलेलं वाक्य जातं. नाही सांगितलं, तर रोज सकाळी तिच्या हातचा चहा प्यायचा. सुरुवातीला वाटायचं, योग्य वेळ बघून सांगू. योग्य वेळ दर वर्षी थोडी पुढे सरकते. शिवाय ती सुखी आहे, असं मी स्वतःला बजावतो. कोंडलेल्या माणसाला खोलीची सवय होते, हे खरं. पण या खोलीत मी तिलाही घेऊन बसलोय, आणि तिला दार आहे हेच ठाऊक नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलीच्या तळपायात काचेचा बारीक कण गेला. शरयूनं चिमटा माझ्या हातात दिला. "तुम्हीच काढा, माझा हात तसा नाही." मी काढला. तीनदा टोचलं. मुलगी रडली.

आणि मग आज. आता लोकल आलेली आहे. ती मुंबईला ग्रंथालयात गेली होती. काही नवं वाचून आली. भांडी घासणाऱ्यांना म्हणे आता मान मिळू लागलाय. गर्भाची घडण होताना काढणाऱ्यांचाही शब्द चालतो, असं लोक लिहू लागलेत. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. मला वाटलं, आता कळलं. आता ही मागे मागे जाईल, एकेक दुवा तपासेल, आणि कुपीपाशी येऊन थांबेल. मी तिचा चहा कपात ओतला. जरा बरंही वाटलं, खरं सांगतो — मला काही करावं लागणार नव्हतं.

"म्हणजे माझी कल्पना चुकीची नव्हती हो," ती म्हणाली. "माझा हातच चुकला."

ती माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर नको होतं. नुसतं कुणीतरी ऐकायला हवं होतं. तिला शेवटपर्यंत कुपीचा संशय आला नाही, कारण कुपी मी तपासली होती.

मी म्हटलं, चहा गार होतोय.

तिनं चहा घेतला. मग वाटाणे आणायला खाली गेली. ते ती आत्ता सोलते आहे. अर्धी टोपली झाली असावी, आवाजावरून कळतं.

तर हे असं आहे. मला यातून काही नको. तुम्ही मला समजून घ्यावं असं म्हणणं नाही, तिला कळवावं असंही नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी माईक लागलाच नाही. माईकच्याच पेटीत कुठेतरी फ्यूज उडालेला होता. अध्यक्ष तसेच बोलले. खोली लहान होती, शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.